टीव्ही मंडळाचा, पाठ कोणाचा?

कोकणातल्या वाडीवरच्या शाळेला स्मार्ट टीव्ही मिळतो तो बहुधा मे महिन्यात, नाहीतर गणपतीत. मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाचे पदाधिकारी गावी आलेले असतात, नारळ फुटतो, भिंतीवर देणगीदारांची नावे रंगवली जातात आणि ‘आमची शाळा डिजिटल झाली’ हा मजकूर फोटोसकट गावभर फिरतो. त्याखाली लगेच दुसरा सूर लागतो: आधी मुलांना धड वाचायला शिकवा, गुरुजींच्या हातात खडू शोभतो, मोबाइल नव्हे. गेली काही वर्षे हा वाद या दोन ओळींच्या पुढे सरकलेला नाही. एक बाजू टीव्हीचे कौतुक करते, दुसरी टीव्हीला नावे ठेवते. त्या टीव्हीसमोर उभे राहून काय करायचे हे ज्याला ठरवायचे आहे त्या शिक्षकाचा विचार दोघांच्याही बोलण्यात नसतो. माझे म्हणणे असे की शिक्षकांनी डिजिटल माध्यमे शिकलीच पाहिजेत, पण त्यात शिकायचे काय हे आधी नीट ठरवले पाहिजे. स्वतःचा आवाज मुद्रित करणे, दुसऱ्याचा व्हिडिओ पाठापुरता कापणे, तीन मिनिटांचे साहित्य स्वतः घडवणे आणि नको तिथे टीव्ही बंद ठेवणे एवढे आले म्हणजे पुष्कळ झाले. आणि हे तालुक्याच्या सभागृहात एका दिवसात शिकवता येत नाही. ते केंद्रावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, दहा-पंधरा जणांत, वर्षभरात थोडे थोडे करूनच येते.

विरोधकांची बाजू लंगडी नाही, हे आधी मान्य करू. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या कल्पनेखाली पेरू देशाने ग्रामीण शाळांना लॅपटॉप वाटले. २०१२ साली त्याचे काटेकोर मूल्यमापन प्रसिद्ध झाले. गणित आणि भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालाचा विषयच शिक्षणातले तंत्रज्ञान हा होता आणि त्याचा सूर उत्साहापेक्षा सावधगिरीचा होता. त्याहून मूलभूत मुद्दा रिचर्ड क्लार्क या अमेरिकी अभ्यासकाने १९८३ मध्येच मांडला होता: माध्यम स्वतः काहीही शिकवत नाही, शिकवते ती पद्धत. चांगला पाठ रेडिओवर चांगलाच राहतो आणि वाईट पाठ पडद्यावर वाईटच. हे वाचून आपल्याकडचे अनेक जण म्हणतात, झाले तर मग, कशाला हवा तो खटाटोप?

पण क्लार्कचे म्हणणे शेवटपर्यंत नेले तर ते कुठे पोचते? शिकवते ती पद्धत असेल, तर ती कोणाच्या हातात आहे? लॅपटॉप मुलाच्या हातात ठेवून शिक्षकाला बाजूला बसवले की पद्धतच उरत नाही, आणि मग गुण वाढले नाहीत याचे आश्चर्य का वाटावे? यंत्राने काही होत नाही, हा पुरावा शिक्षकाला यंत्रापासून लांब ठेवण्याच्या बाजूचा नाही. त्याला ते यंत्र कह्यात घ्यायला शिकवण्याच्या बाजूचा तो सगळ्यात भक्कम पुरावा आहे.

आपल्याकडे हे एकदा घडून गेले आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर खडू-फळा मोहीम आली. शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शैक्षणिक साहित्याच्या पेट्या. खोल्या उभ्या राहिल्या हे तिचे यश कोणी नाकारू नये. पेट्यांचे मात्र काय झाले? नकाशे, भिंगे, तराजू, छोटी विज्ञान साहित्यपेटी असे सगळे आले, डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, नोंदले गेले आणि कपाटात गेले. कारण आळस हे नव्हते. वस्तू मुलांच्या हातात दिली आणि फुटली तर निर्लेखनाचे, म्हणजे ती नोंदवहीतून कमी करण्याचे, कागद कोणी करायचे, ही भीती होती. आणि त्या पेटीतून नेमका कोणता पाठ घ्यायचा हे कोणी करून दाखवले नव्हते. त्याच्याही आधी, १९८४ मध्ये, निवडक माध्यमिक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक पोचले, तेव्हाही यंत्र आधी आणि शिक्षक मागाहून असाच क्रम होता. आजचा स्मार्ट टीव्ही डेडस्टॉकलाच नोंदला जातो. अनेक शाळांत त्यावर कापडी झूल चढवलेली दिसते, ती काही थंडी वाजते म्हणून नव्हे.

उलट उदाहरणही कोकणातच आहे. १९४५ मध्ये बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरी पद्धतीची मूळ साधने महागडी होती, गावातल्या बालवाडीला न परवडणारी. या दोघींनी साधनामागचे तत्त्व उचलले आणि शिंपले, खडे, बिया, पाने यांतून मोजणी, वर्गीकरण, स्पर्श यांची साधने तिथेच बनवली. शिक्षिका साधन बनवायला शिकली, म्हणून ते तुटले तरी तिचे काही अडले नाही. माँटेसरीची पेटी विकत आणून कुलपात ठेवली असती तर आज बोर्डीचे नाव कोणी घेतले असते का?

आता विरोधाचा दुसरा मुद्दा, आणि माझ्या मते हाच सगळ्यात खरा. शिक्षक म्हणतात, डिजिटल शिकलो की काम पाठी लागते. यू-डायस या सरकारी पोर्टलवर शाळेची माहिती भरा, सरल या दुसऱ्या पोर्टलवर दुरुस्त्या करा, ऑनलाइन हजेरी लावा, झाड लावल्याचा फोटो टाका, शपथ घेतल्याचा फोटो टाका. केंद्रात एखाद्याला एक्सेल येते असे कळले की तो केंद्राचा बिनपगारी कारकून होतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांना देऊ नयेत असे स्पष्ट लिहिले आहे. पण फोटो अपलोड करणे अशैक्षणिक कुठे, असा युक्तिवाद करून त्यातून पळवाट निघते. तेव्हा शिक्षक नवे काही शिकायला कचरत असतील तर त्यांना जुनाट म्हणणे हा शुद्ध अन्याय आहे. पण यातून निघायला काय हवे? माहिती वर पाठवण्यासाठीची डिजिटल कामे आणि वर्गात शिकवण्यासाठीचे डिजिटल कौशल्य ही दोन वेगळी खाती आहेत, हे प्रशिक्षण देणाऱ्या यंत्रणेने आधी मानायला हवे. आज एकाच दिवसाच्या प्रशिक्षणात सकाळी पोर्टल आणि दुपारी व्हिडिओ असतो, आणि दोन्हींचा शेवट लिंक भरण्यात होतो.

शिवाय वर्गातले कौशल्य वेळ खातेच असे नाही, ते वेळ देतेही. कोकणातल्या छोट्या शाळांचे वास्तव घ्या. चार इयत्ता, दोन शिक्षक, त्यातला एक बैठकीला गेलेला. पहिलीच्या चार मुलांना अक्षरओळख करून देताना तिसरी-चौथीच्या मुलांनी काय करायचे? ‘पुस्तकातले उतरवून काढा’ हे त्याचे जुने उत्तर. तीन मिनिटांचे श्रुतलेखन किंवा तोंडी गणिते शिक्षकाच्याच आवाजात मुद्रित करून पडवीत स्पीकरवर लावली, तर दुसरी तुकडी खरोखर कामाला लागते. याला टीव्ही लागत नाही, नेटवर्क लागत नाही. घरी रात्री चार्ज केलेला मोबाइल आणि छोटा ब्लूटूथ स्पीकर शाळेच्या दिवसभर पुरतो. पावसाळ्यात झाड पडून वाडीची लाइन दोन-दोन दिवस गेलेली असते, आणि ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धनमध्ये तर वीज यायला आठवडे लागले. ‘कोकणात वीज नाही, म्हणून डिजिटल नको’ हा आक्षेप टीव्हीला लागू पडतो, आवाजाला नाही. म्हणूनच माझ्या मते प्रशिक्षणाची सुरुवात व्हिडिओने करूच नये. आधी आवाज.

आवाज मुद्रित करणे सोपे वाटते, आणि तिथेच पहिले दहा प्रयत्न वाया जातात. पत्र्याच्या छपरावर पाऊस असेल तर मुद्रण होतच नाही. जून ते सप्टेंबरचे साहित्य मे महिन्यातच करून ठेवावे लागते. रिकाम्या, फरशी घातलेल्या वर्गात आवाज घुमतो आणि शब्दांची टोके एकमेकांत मिसळतात, तेव्हा पोषण आहाराच्या तांदळाची पोती रचलेली खोली सर्वांत चांगली, कारण पोती घुमणारा आवाज पिऊन टाकतात. मोबाइल एअरप्लेन मोडवर, पंखा बंद. मोबाइल तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला, नाहीतर प, फ, भ म्हणताना श्वासाचा फटका माइकवर बसतो. सर्वांत हमखास चूक मात्र तांत्रिक नसते. प्रश्न विचारल्यावर मुलांना लिहायला जी शांतता लागते, ती आपण सोडतच नाही. समोर मुले असताना त्यांच्याकडे बघून आपोआप थांबणारा शिक्षक मोबाइलसमोर मात्र घाई करतो. प्रश्नानंतर मनात एक ते दहा आकडे मोजायचे, श्रुतलेखनाचे वाक्य दोनदा म्हणायचे आणि दुसऱ्यांदा म्हणताना तुकडे पाडायचे. हे एकदा जमले की त्या शिक्षकाचे प्रत्यक्ष शिकवणेही सुधारते, कारण आपण मुलांना विचार करायला किती कमी वेळ देतो हे त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलेले असते.

तिसरा आक्षेप सुशिक्षितांचा असतो. २०१७ पासून दीक्षा हा सरकारी शैक्षणिक डिजिटल मंच आहे, बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आहेत, तज्ज्ञांनी केलेले व्हिडिओ फुकट मिळतात. मग वाडीवरच्या शिक्षकाने कच्चे व्हिडिओ कशाला करायचे? सूर्यमाला, पचनसंस्था, अपूर्णांक यांसाठी हा मुद्दा मला शंभर टक्के पटतो. तयार चांगले असेल तर तेच वापरावे. फेट (PhET) या संकेतस्थळाची आभासी प्रयोगचित्रे आणि जिओजेब्रा हे गणिताचे सॉफ्टवेअर एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवायही चालतात, आणि कोणत्याही शिक्षकाने ती नव्याने बनवायचा हट्ट धरू नये. पण तयार साहित्य राज्यभरासाठी बनते, त्यामुळे ते कुठल्याच एका गावाचे नसते. त्यातली नदी उगमापासून मैदानातून संथ वाहत त्रिभुज प्रदेशात जाते. कोकणातल्या मुलाची नदी सह्याद्रीवरून उतरते आणि थोड्याच अंतरात खाडी होते, दिवसातून दोनदा उलटी वाहते आणि तिचे पाणी गोडे की खारे हे वेळेवर ठरते. त्यातली भातशेती ‘रोपे लावतात’ एवढ्यावर संपते; तरवा, चिखलणी, लावणी हे शब्द तिथे नसतात. कुडाळ-वेंगुर्ल्याचे पहिलीतले मूल मालवणी बोलते, अलिबाग-उरणचे आगरी, आणि पडद्यावरचा निवेदक पुण्याचा. ही उणीव भरून काढायला पुण्यातला स्टुडिओ येणार आहे का?

भरती-ओहोटीचा एक पाठ बघा. अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपासचा, पावसाळा सोडून, सुट्टीचा दिवस निवडायचा. उधाणाच्या दिवशी आपल्या किनाऱ्यावर भरती साधारण दुपारी बाराच्या सुमारास येते आणि सकाळ-संध्याकाळी ओहोटी असते, त्यामुळे सकाळी सात ते संध्याकाळी सात एवढ्यात पूर्ण चक्र दिसते. जेटीवर एक जागा ठरवून जांभ्याच्या दगडावर रंगाने खूण करायची. मोबाइल दर वेळी त्याच खुणेवर, आडवा धरून. समोर पाण्यात पक्का खांब हवा, त्यावर फुटाफुटाला पांढरे-लाल पट्टे. होडीवर खूण करून चालत नाही, होडी पाण्यासोबत वर-खाली होते. दर अर्ध्या तासाने एक फोटो, असे २५ फोटो. कोणत्याही साध्या एडिटरमध्ये प्रत्येक फोटो अर्धा सेकंद ठेवला की साडेबारा सेकंदांचा व्हिडिओ तयार. यात बिघडते काय? मोबाइल इंचभर सरकला तरी चित्र उड्या मारते, म्हणून खूण. दुपारी कोणीतरी नेमकी होडी खांबासमोर बांधतो, म्हणून मच्छीमारांना आदल्या दिवशी सांगून ठेवायचे. एकच माणूस बारा तास थांबू शकत नाही, म्हणून सातवी-आठवीच्या मुलांची पालकांसह पाळी लावायची, आणि पोरांना एकटे पाण्याजवळ सोडायचे नाही. वर्गात हे साडेबारा सेकंद सरळ लावायचे नसतात. आठव्या फोटोवर थांबवायचे आणि विचारायचे, पाणी पुढच्या अर्ध्या तासात किती पट्टे चढेल? वहीत आकडा लिहून झाल्याशिवाय पुढे जायचे नाही. मग दुसरा प्रश्न, उद्या हीच भरती किती वाजता येईल? साधारण ५० मिनिटे उशिरा, हे उत्तर कोळ्याच्या पोराला ठाऊक असते. ते का, हे त्यालाही ठाऊक नसते, आणि तिथून चंद्राचा पाठ सुरू होतो. आठवड्याने भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवशी हेच फोटो पुन्हा घेतले तर कमी पट्टे बुडतात. असा पाठ दीक्षावर कुठून मिळणार?

स्वतः घडवण्यापेक्षाही अधिक वेळा लागणारे कौशल्य म्हणजे कापणे. तयार व्हिडिओ आठ-नऊ मिनिटांचा असतो. त्यात दीड मिनिट बोधचिन्ह आणि गाणे, दोन मिनिटे प्रस्तावना. चौथीचा वर्ग तिसऱ्या मिनिटाला चुळबुळ करू लागतो आणि दोष पडद्याला जातो. त्यातली कामाची नव्वद सेकंदे कापून घेणे आणि कुठे थांबायचे हे आधी ठरवून ठेवणे हे शिक्षकाचे काम आहे, संपादकाचे नव्हे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये अध्यापनाच्या ओघात केलेल्या वापराला सवलत आहे. मात्र तोच तुकडा शाळेच्या यूट्यूब वाहिनीवर चढवणे ही वेगळी गोष्ट. मुलांचे चेहरे दिसणारे व्हिडिओ तर चढवूच नयेत. २०२३ च्या वैयक्तिक डेटा कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक केली आहे, आणि कायदा नसता तरी ते शहाणपणाचेच होते.

देणगीदार मंडळांसाठीही दोन शब्द. ४३ इंची टीव्हीची उंची सुमारे ५३ सेंटिमीटर असते. पडद्यावरचा मजकूर वाचायचा तर पडद्याच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब बसू नये असा ढोबळ नियम आहे. म्हणजे साडेदहा फूट. वीस फुटी वर्गात मागची अर्धी मुले वाचूच शकत नाहीत. १४ मुलांच्या शाळेत अर्धवर्तुळात बसवले की प्रश्न मिटतो, ५० मुलांच्या वर्गात मिटत नाही. नव्या मोबाइलवर काढलेला व्हिडिओ पेनड्राइव्हने टीव्हीला लावला की पुष्कळदा नुसता आवाज येतो, पडदा काळा राहतो. कारण मोबाइल एच २६५ प्रकारात साठवतो आणि जुन्या टीव्हीला फक्त एच २६४ वाचता येतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधला ‘हाय एफिशियन्सी’ पर्याय बंद केला की झाले. हे न कळल्यामुळे टीव्ही बिघडला असे समजून झूल चढते. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या विजांच्या दिवसांत प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढून ठेवायच्या, आणि पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी अर्धा तास टीव्ही चालू ठेवायचा, म्हणजे आतली ओल सुकते. पन्नास हजारांचा टीव्ही देणाऱ्या मंडळाने त्यातले पाच हजार स्पीकर, पेनड्राइव्ह आणि एका चांगल्या माइकवर खर्च केले तर शाळेला त्याचा जास्त उपयोग होईल.

राहता राहिला वेळेचा प्रश्न. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात प्रत्येक शिक्षकाला वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासासाठी सांगितले आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातले आठवड्याचे ४५ तास पाठाच्या तयारीसकट आहेत. म्हणजे कागदावर वेळ आहे. तो निष्ठासारख्या शिक्षकांसाठीच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत व्हिडिओ पुढे ढकलून प्रमाणपत्र मिळवण्यात जातो. केंद्राची शिक्षण परिषद, म्हणजे शिक्षकांची बैठक, होतच असते. तिच्यातल्या वर्षाला चार दुपारी परिपत्रक-वाचनातून सोडवून याला द्याव्यात. प्रत्येकाने आपला मोबाइल आणि एक अडलेला पाठ घेऊन यावे. ‘मुलांना हे दरवर्षी समजत नाही’ असा पाठ हवा, ‘यावर व्हिडिओ छान होईल’ असा नको. पहिल्या दुपारी आवाज, दुसऱ्या दुपारी फोटोंचा क्रम, तिसऱ्या दुपारी कापणे. चौथ्या दुपारी एकाने मुलांसमोर पाठ घ्यावा आणि बाकीच्यांनी पडद्याकडे न बघता मुलांच्या वह्या बघाव्यात. दोन दुपारींत सहा-सात आठवड्यांचे अंतर हवे, कारण मधल्या काळात वर्गात करून बघितल्याशिवाय पुढचे शिकून उपयोग नसतो. या दुपारींचा फोटो कोणत्याही पोर्टलवर मागू नये. हे एवढे पथ्य केंद्रप्रमुखांनी पाळले तर येणाऱ्यांची संख्या वाढेल, असा माझा अंदाज आहे.

आणि एक अडचण खास आपल्याकडची. रत्नागिरी, सिंधुदुर्गात परजिल्ह्यातले शिक्षक मोठ्या संख्येने आहेत. आंतरजिल्हा बदली झाली की ते स्वाभाविकपणे घराकडे जातात, आणि त्यांच्यासोबत त्यांच्या मोबाइलमधले सगळे पाठही जातात. नवा शिक्षक पुन्हा शून्यापासून सुरू करतो. साठवणीचा खर्च यात आड येत नाही. तीन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर सहज दोन-अडीचशे एमबी भरतो, पण ७२० पिक्सेल आणि दीड मेगाबिटच्या दराने पुन्हा साठवला की ३४ एमबीवर येतो. तेवढाच आवाज ६४ किलोबिटने दीड एमबी. ६४ जीबीच्या एका पेनड्राइव्हवर असे दीड हजारांहून अधिक व्हिडिओ मावतात. लागते ती शिस्त: फाइलच्या नावात इयत्ता, विषय, पाठ आणि वर्ष, नाव युनिकोडमध्ये, कारण जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेले दुसऱ्या संगणकावर वाचता येत नाही, एक प्रत केंद्रशाळेत, दुसरी तालुक्याच्या गटसाधन केंद्रात. बदलीच्या वेळी कार्यभार सोपवताना टेबले, खुर्च्या, पातेली मोजून सह्या होतात. त्या यादीत हा पेनड्राइव्हही मोजून घ्यावा, आणि त्यातली कोणतीही एक फाइल नव्या शिक्षकाने टीव्हीवर उघडून दाखवल्यावरच सही व्हावी.